खोली क्रमांक चारची नोंद

१

विषय : निरीक्षण-तक्त्यातील खोली क्रमांक चारची, दिनांक १४ मार्च २००७ ची नोंद रद्द करण्याबाबत.

संदर्भ : रात्रपाळीच्या कामगारांची दिवसाची झोप व स्मरणशक्ती यांविषयीचे संशोधन, अड्यार, चेन्नई.

अर्जदार : टी. आर. चंद्रमौळी राव, निवृत्त हेडक्लार्क, सध्या झोप-निरीक्षक (मानधनावर).

असे मायने चंद्रमौळीरावांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लिहिले, पण ते सगळे दुसऱ्यांच्या चुकांचे. स्वतःच्या चुकीचा विषय लिहायची पाळी निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी आली. तेव्हा त्यांना कळलं, की विषयाची ओळ सरळ उतरते. हात अडतो तो खाली ‘महोदया’ लिहिताना. त्यातून महोदया जर बायकोची भाची असेल, तर विचारायलाच नको.

संशोधनाची प्रमुख डॉक्टर संयुक्ता ही त्यांच्या पत्नी त्रिपुरसुंदरीबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. तंजावूरहून चेन्नईला आलेल्या मराठी घरांत आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून चंद्रमौळीराव तिचे मामा. दिवसभर घरात पुस्तकं वाचून मामा आत्याला नको नको करतात हे ऐकून तिने त्यांना काम दिलं. तमिळ येतं, इंग्रजी येतं, मराठी येतं, अक्षर मोत्यासारखं; शिवाय कधी कुणाकडून चहा प्यायलेला नाही. असा माणूस तिला हवाच होता.

“चौतीस वर्षें कचेरींत निजलां,” त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या, “आतां दुसरे निजतात ते पाहायास जातां. बढती झाली म्हणायची.”

२

काम असं होतं. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून चार कामगार सकाळी साडेसातला व्हॅनने अड्यारच्या बंगल्यात येत. चंद्रमौळीराव त्यांच्याकडून चाळीस शब्दांच्या जोड्या पाठ करून घेत, डोक्याला वायरी चिकटवत आणि त्यांना चार काळोख्या खोल्यांत झोपवत. तीन वाजता उठवून शब्द विचारायचे. झोप किती, कशी, आणि झोपेनंतर डोक्यात उरतं किती, एवढंच बघायचं होतं.

वायरींचं दुसरं टोक वरच्या मजल्यावर संयुक्ताच्या संगणकात जाई. तिथे लाटा उमटत. तिने खाली यायचं नाही, यांनी वर जायचं नाही. आलेख वाचणाऱ्याने झोपणारा बघू नये आणि झोपणारा बघणाऱ्याने आलेख वाचू नये, असा नियम होता. म्हणजे दोन्ही बाजूंची साक्ष वेगवेगळी राहते.

चंद्रमौळीरावांची साक्ष म्हणजे तक्ता. प्रत्येक खोलीच्या दाराला बशीएवढी गोल काच, आत मंद तांबडा दिवा. दर पंधरा मिनिटांनी काचेतून पाहायचं आणि रकाना भरायचा : जागा की झोपेत, उताणा, डावी कूस की उजवी कूस. चार खोल्या, अठ्ठावीस वेळा. दिवसाला एकशेबारा रकाने.

पहिला आठवडा त्यांनी प्रत्येक वेळी उठून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांना दिसलं, की दमलेली माणसं झोपतात, आणि झोपलेली माणसं अधूनमधून कूस बदलतात. यात सरकारला न कळण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यापासून ते सकाळी पावणेसातला येत आणि व्हॅन यायच्या आत चारही तक्ते दुपारी तीनच्या रकान्यापर्यंत भरून टाकत.

कचेरीत हजेरीपटावर लोक सोमवारीच शनिवारच्या सह्या करत. तिथे कोरा रकाना हा गुन्हा होता, खोटा रकाना ही वहिवाट. चौतीस वर्षांत आपण एकही रकाना कोरा ठेवला नाही, याचा चंद्रमौळीरावांना अभिमान होता. आणि ते काही वाटेल ते लिहीत नसत. खोली चारला नवाला उताणा, सव्वाअकराला उजवी कूस, साडेबाराला डावी. उजवी म्हणजे भिंतीकडे, डावी म्हणजे दाराकडे. वाचणाऱ्याला पटेल अशी झोप ते लिहीत. मग निवांत पुस्तक उघडत.

३

खोली चारमध्ये झोपायचा अमरसिंह जगदाळे. तासगावकडचा, सव्वीस-सत्तावीसचा, मोटारींच्या भागांच्या कारखान्यात प्रेसवर होता. वरून चाळीस टनांचा ठोकळा येतो, खाली पत्रा सरकवायचा आणि हात काढायचा. चंद्रमौळीरावांच्या मराठीवर तो फिदा होता.

“या, येथें निजा. मस्तक हालवूं नका,” असं ते पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हा तो पोट धरून हसला.

“काका, तुम्ही बोलायला लागला की वाटतं, आता तलवार काढताय.”

“तलवार नाहीं. डिंक आहे. डोळे मिटा.”

चौदा मार्चला, बुधवारी, व्हॅनमधून तिघेच उतरले. चौथ्याची गाडी चुकली, तो आपल्या खोलीवर गेला, असं ड्रायव्हरने सांगितलं. खोली चारचा तक्ता तोवर शेवटच्या रकान्यापर्यंत भरून झाला होता.

तक्ता फाडून नवा लिहायचा, वर ‘अनुपस्थित’ असा शेरा मारायचा. दोन मिनिटांचं काम. चंद्रमौळीरावांनी ते जेवणानंतरवर टाकलं. वाचत होते ते प्रकरण रंगात आलं होतं.

पावणेबाराला वरून फोन आला.

“मामा, चार नंबरच्या बाजूला कुणाला बोलू देऊ नका हं,” संयुक्ता हळू आवाजात म्हणाली. “इतकी गाढ झोप मी या महिन्यात पाहिली नाही. रोम्ब डीप.”

चंद्रमौळीरावांनी “बरें” म्हटलं आणि फोन ठेवला. मग उठून खोली चारच्या काचेला डोळा लावला.

पलंग रिकामा होता. चादर त्यांनीच ताणली होती तशी ताणलेली. वायरींचा झुबका भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला. त्यांनी दार उघडलं. आत एसी चालू असूनही हवा कोंदट होती. सुट्टीच्या दुपारी माणूस झोपून उठल्यावर खोलीला जो वास राहतो, तसा वास होता. त्यांनी उशीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग हातरुमालाने तो पुसला, का ते त्यांनाच कळलं नाही.

यंत्राचा घोटाळा असणार. शेजारच्या खोलीची लाट या खोलीच्या तारेत शिरली असणार. कचेरीत टेलिफोनचं असं नेहमी व्हायचं. तर्क चोख होता. फक्त एक अडचण होती : हा तर्क संयुक्ताला सांगायचा म्हणजे पलंग रिकामा आहे हे सांगायचं, आणि मग ती तक्ता मागणार.

यंत्र आपणहून आपल्या बाजूने साक्ष देत असताना आपण उलट साक्ष का द्यावी? चंद्रमौळीरावांनी तक्ता तसाच ठेवला. तीन वाजता शब्द विचारायला खोलीत कुणी नव्हतं. तो कागद कोरा राहिला असता. त्यांनी लिहिलं : चाळीसपैकी एकतीस. पस्तीस लिहिण्याचा मोह त्यांनी आवरला, आणि त्या संयमाचं त्यांना त्या वेळी बरंही वाटलं.

संध्याकाळी संयुक्ता पायऱ्या उतरत म्हणाली, “मामा, चार नंबरचं तुमचं आणि माझं एकदम जुळलं. सव्वाअकराला कुशीवर वळला, साडेबाराला परत वळला. मिनिटाचाही फरक नाही. तुमच्यासारखं कुणी पाहत नाही.”

४

गुरुवारी अमरसिंह आला तो तांबारलेल्या डोळ्यांनी.

“काल घरी पडलो काका, पण झोप काय लागंना. कसं सांगू... गाडीत आपलं बर्थ रिझर्व असतंय, आपण जाऊन बघतो, तर तिथं कुणीतरी आधीच झोपलेलं असतंय. तसं झालं. डोळं मिटलं की आत जागाच नाही.”

“आज येथें झोप लागेल,” चंद्रमौळीराव म्हणाले, आणि डिंक लावताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी त्यांनी तक्ता आधी भरला नाही. दर पंधरा मिनिटांनी उठून पाहिलं, पहिल्या आठवड्यात पाहिलं होतं त्याहून नीट. अमरसिंह उताणा पडला होता. डोळे सताड उघडे. नवाला, दहाला, अकराला. पलंगाच्या अगदी कडेला, एक पाय जमिनीवर टेकवून. बाकीचा पलंग रिकामा होता, आणि तो तिकडे सरकत नव्हता. चंद्रमौळीरावांनी अठ्ठावीस वेळा ‘जागा’ लिहिलं. तीन वाजता अमरसिंहाने चाळीसपैकी दोन जोड्या सांगितल्या आणि ओशाळून हसला.

साडेचारला संयुक्ताने तक्ता परत खाली पाठवला. मागोमाग फोन.

“मामा, आज खोल्यांची अदलाबदल झाली का? चार नंबर सात तास गाढ झोपलाय. कालच्यासारखाच, अगदी त्याच वेळा. तुम्ही सगळीकडे जागा लिहिलंय.”

चंद्रमौळीरावांनी परत आलेला तक्ता उचलला.

“तुम्हाला खात्री असेल तर राहू दे,” ती म्हणाली. “मी फक्त विचारते.”

कित्येक दिवसांत पहिल्यांदा लिहिलेला खरा तक्ता त्यांच्या हातात होता. खात्री आहे, असं म्हणायचं होतं. पण मग ती विचारणार, काल जुळलं ते आज का जुळत नाही? मग कालचं निघणार, मग परवाचं, मग सगळा महिना. तुमच्यासारखं कुणी पाहत नाही, असं म्हणणारा तो आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला.

“नजरचूक झाली असेल,” ते म्हणाले. “वयाप्रमाणें होतें.”

त्यांनी नवा कागद घेतला आणि अठ्ठावीस रकाने पुन्हा भरले. नवाला उताणा, सव्वाअकराला उजवी कूस, साडेबाराला डावी. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. त्याची लाज त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाटायची : हात जरासुद्धा कापला नव्हता.

५

पुढचे आठ दिवस तेच झालं. अमरसिंह येई, पडे, जागा राही. वर आलेख झोपे. आणि चंद्रमौळीराव आलेखाला साजेल असं लिहीत. आता ते दर पंधरा मिनिटांनी खरोखर पाहत आणि मग पाहिलं ते सोडून दुसरं लिहीत. पूर्वीचा आळस याच्यापुढे सज्जनपणा वाटावा.

“प्रेसवर कसं जमतें?” त्यांनी एकदा विचारलं.

“ठोकळा येताना दिसतोय,” अमरसिंह म्हणाला. “पण येऊन गेल्यावर दिसतोय. हात मी मोजून काढतो. एक, दोन, काढला. मोजणं चुकलं की संपलं.”

“रजा घ्यावी.”

“कंत्राटाला कुठली रजा, काका? तुमच्या इथं तर लिहिलंय, मी मस्त झोपतोय. सुपरवायझरनं डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, उत्तम झोप आहे. आता तो म्हणतोय, नाटक करतोस.”

चंद्रमौळीरावांनी डिंकाची बाटली बंद केली.

त्या दिवशी, तेवीस तारखेला, अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी काचेतून पाहिलं.

अमरसिंह पलंगाच्या काठावर बसला होता. डोकं हातात, वायरी पाठीवर सोडलेल्या. तो कसा बसला होता हे चंद्रमौळीरावांनी पुढे पुष्कळदा आठवलं : आजाऱ्याच्या उशाशी बसावं, तसा. जागा सोडून, अंग चोरून.

त्याच्या मागे पलंगावर चादरीखाली कुणीतरी निजलं होतं. उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून.

उशी असेल. गुंडाळलेली चादर असेल. तांबड्या उजेडात साठी उलटलेल्या डोळ्यांना काय वाटेल ते दिसतं. चंद्रमौळीरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खांदा वर गेला. खाली आला. थोडं थांबून पुन्हा वर गेला. श्वास शांत होता, सरळ रेघेत लिहिल्यासारखा. मानेवरचे केस दिसत होते. डोक्याला एकही वायर नव्हती.

त्यांनी दार बोटभर उघडलं. “अमरसिंह,” ते कुजबुजले. “बाहेर या.”

अमरसिंहाने मान न उचलता हाताने खूण केली.

“हळू, काका,” तो म्हणाला. “आत्ताच गाढ लागलीये त्याला.”

“कोणास?”

अमरसिंहाने पुन्हा तशीच खूण केली. चंद्रमौळीरावांनी दार लोटून घेतलं. ते काचेपाशी किती वेळ उभे होते हे त्यांना सांगता आलं नसतं, पण भानावर आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा अठ्ठावीस झाले होते. चादरीखाली एक पाय हलला. मग गुडघा पोटाशी आला. वळायच्या आधी माणूस घेतो तसा.

साडेबाराला डावी कूस. दाराकडे. हे खालच्या मजल्यावर फक्त त्यांना माहीत होतं, कारण त्यांनीच ते ठरवलं होतं. त्यांनी वेळ लिहिली होती, कूस लिहिली होती, झोप किती गाढ तेही जवळपास लिहिलं होतं. तक्त्यात चेहऱ्याचा रकाना नव्हता.

चंद्रमौळीराव काचेपासून मागे सरले. मागे सरले, वळले, व्हरांड्यातून बाहेर आले आणि फाटकाशी जाऊन रस्त्यावरची वाहनं बघत राहिले. अमरसिंह आत होता. दार उघडून त्याला दंडाला धरून ओढायला दहा पावलं लागली असती. ते फाटकाशी एक वाजेपर्यंत उभे राहिले. मग आत गेले आणि साडेबाराच्या रकान्यात लिहिलं : झोपेत, डावी कूस.

६

सव्वीस तारखेला व्हॅनमधून तिघेच उतरले. मोजणं चुकलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं.

कामगारांच्या इस्पितळात अमरसिंह खाटेवर बसून होता. हाताला बँडेजचा गोळा. नर्स सांगत होती, दोन इंजेक्शनं दिली, एवढ्या औषधाने बैल पडतो. हा बघतोच आहे.

चंद्रमौळीरावांनी त्याला सगळं सांगितलं. आधी भरलेले तक्ते, चौदा तारीख, एकतीस शब्द, ‘जागा’च्या ऐवजी लिहिलेलं ‘झोपेत’. सांगताना ते खाटेच्या लोखंडी पायाकडे बघत होते. मारेल, निदान शिवी देईल, अशी त्यांना आशा होती.

“म्हणजे त्या दिवशी मी तिथं नव्हतोच,” अमरसिंह म्हणाला. “आणि तुम्ही मला झोपवलं.”

“होय.”

“मग खोडा की, काका. तेवढंच तर करायचंय. मी नव्हतो म्हणून लिहा. तो उठंल.” त्याने डावा हात पुढे केला आणि चंद्रमौळीरावांचं मनगट धरलं. “तुमचं अक्षर चांगलं हाय. लगेच मानतील.”

तो चिडला असता तर चंद्रमौळीरावांना घरी जाऊन जेवता आलं असतं.

७

तक्ता खोडता येत नव्हता. महिनाअखेर सगळे कागद सीलबंद होऊन संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीकडे गेले होते. नोंद बदलायची तर प्रमुखांमार्फत अर्ज. दोन एप्रिलला चंद्रमौळीरावांनी अर्ज लिहिला आणि नियम मोडून वर गेले.

संयुक्ताने तो उभ्याने वाचला. मग बसून पुन्हा वाचला.

“सगळा महिना, मामा?”

“होय.”

“मी बाबांना सांगत होते, मामा आहेत म्हणून मला काळजी नाही.” तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. ती कोरड्या आवाजात म्हणाली, “पण हे कसं रद्द करणार? तुम्ही म्हणता, चौदा तारखेला खोलीत कुणी नव्हतं. माझ्याकडे सात तासांची झोप आहे. श्वास आहे, नाडी आहे. आणि नाडी तर...” ती थांबली.

“काय?”

“आजही येतेय. खोली चार बंद आहे, यंत्र काढून ठेवलंय. तरी येतेय.” तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे अर्धा वळवला आणि मग, काहीतरी मनात येऊन, परत फिरवला. “तुमचा तक्ता आणि माझा आलेख, दोन स्वतंत्र साक्षी आहेत. दोन्ही जुळतात. समिती विचारेल, चूक कुठे आहे?”

तिने अर्ज पुढे पाठवला. शिफारस केली की नाही हे तिने सांगितलं नाही, आणि चंद्रमौळीरावांना विचारायला तोंड नव्हतं.

समितीने सतरा एप्रिलला खुलासा मागवला : सदर दिवशी खोलीत कोणी झोपले नव्हते, याचा लेखी पुरावा द्यावा. चंद्रमौळीरावांनी ड्रायव्हरचा जबाब जोडला. त्यावर असा शेरा आला, की ड्रायव्हरच्या जबाबावरून श्री. जगदाळे आले नव्हते एवढेच सिद्ध होते. खोलीत कोणी झोपले नव्हते, हे नव्हे. हा शेरा ज्याने लिहिला तो हाडाचा कारकून असला पाहिजे, हे चंद्रमौळीरावांना पहिल्या वाचनातच कळलं. त्यांनी स्वतः हेच लिहिलं असतं.

कारखान्याने अमरसिंहाला काढून टाकलं. तो गावी गेला नाही. दुपारचा तो चंद्रमौळीरावांच्या घरी येतो. त्रिपुरसुंदरीबाई त्याला कॉफी देतात, ओसरीवर चटई टाकतात, उशी देतात. त्यांचं मन मोडू नये म्हणून तो आडवा होतो आणि छताकडे बघत राहतो. त्या नवऱ्याला टोमणे मारत नाहीत. अर्जाची नक्कल त्यांनी एकदा कपाटात पाहिली, तेव्हापासून त्या त्यांच्याशी ताटापुरतंच बोलतात.

चार वाजता अमरसिंह उठून बसतो. “काका, काही आलं का?” असं विचारतो. चंद्रमौळीराव नाही म्हणतात.

समितीला पहिलं स्मरणपत्र नऊ मे रोजी पाठवलं, दुसरं अकरा जूनला. दोन्हींची पोच मिळाली आहे. आज तीस जून. अमरसिंह जगदाळे जागे आहेत. अर्ज विचाराधीन आहे.